सरळ रेषा शिकवणाऱ्या दादाला

प्रिय दादा,

समोर आभार मानले असते तर तू लगेच विषय बदलला असतास, म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला गणितात सरळ रेषा येते. आमच्या गाइडमध्ये तिची सगळी सूत्रं एका चौकटीत कोंबली आहेत : चढ-बिंदू रूप, दोन-बिंदू रूप, चढ-आंतरछेद रूप आणि आणखी एक-दोन. उदाहरण आलं की यातलं कुठलं लावायचं, एवढंच आम्ही ओळखत बसायचो. तू गाइड मिटायला लावलंस आणि विचारलंस, "रेषा सरळ आहे म्हणजे नक्की काय आहे?"

आम्ही सगळे गप्प. मग तूच सांगितलंस : तिच्यावरचे कुठलेही दोन बिंदू घ्या, उजवीकडे जाण्याच्या मानाने वर चढण्याचं प्रमाण तेवढंच राहतं. चढ तो हाच.

(२, ३) आणि (६, ११) हे बिंदू घेतले. चार उजवीकडे, आठ वर, चढ २. आता रेषेवरचा हवा तो तिसरा बिंदू (क्ष, य) समज. (२, ३) पासून त्याच्यापर्यंतचाही चढ २ च असायला हवा, नाहीतर तो या रेषेवरचा नाहीच. म्हणजे य − ३ = २(क्ष − २). सोडवलं की य = २क्ष − १. मी म्हटलं, (२, ३) च का घ्यायचा, दुसरा का नाही? तू काही न बोलता पेन माझ्याकडे सरकवलंस. य − ११ = २(क्ष − ६) मांडलं, तर शेवटी तेच समीकरण हातात! चौकटीतली निम्मी सूत्रं तेव्हाच निकामी झाली.

खरं तर यातलं बरंचसं दहावीत येऊन गेलं होतं. पण रेषीय समीकरणांचे आलेख बीजगणिताच्या पुस्तकात आणि चढ भूमितीच्या. पेपर वेगळे, वह्या वेगळ्या, त्यामुळे दोघांची गाठच पडत नाही. ती तू घालून दिलीस.

थर्मामीटरचं उदाहरण तर मी आता ज्युनिअर मुलांना सांगतो. पाणी गोठतं ० सेल्सिअसला, म्हणजे ३२ फॅरनहाइटला. उकळतं १०० ला, म्हणजे २१२ ला. झाले दोन बिंदू. चढ १८० भागिले १००, म्हणजे ९/५, आणि सुरुवात ३२ पासून. फॅ = (९/५)से + ३२. यात ३७ घातले की ९८.६ येतात, तापाच्या थर्मामीटरवरचा ओळखीचा आकडा. शाळेत हे सूत्र मी नुसतं घोकलं होतं. दोन्ही मापांचा आकडा कधी सारखा येतो का, हे तू सोडवायला दिलंस. उत्तर उणे ४० आलं तेव्हा माझा विश्वास बसेना.

उभ्या रेषेला मात्र सगळे अडले. (४, १) आणि (४, ७) : छेदात शून्य. "चढ काढता येत नाही म्हणून समीकरण नाही असं कोण म्हणालं? या रेषेवरच्या सगळ्या बिंदूंत सारखं काय आहे ते बघ," म्हणालास. क्ष = ४. बस्स, एवढंच.

एक शंका उरलीय. लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ का येतो, हे गाइडमध्ये 'लक्षात ठेवा' म्हणून सोडून दिलंय. दिवाळीला येशील तेव्हा वेळ काढ. आलेखाची वही मी आणतो.

तुझा,
खालच्या मजल्यावरचा ज्युनिअर