मुस्तफा, जुनं कार्ड आणि नवा एम्युलेटर

सातारा,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार वगैरे. मागे फोनवर तुला म्हटलं, ‘आपल्या खेळांच्या खोक्यातला एम्युलेटर बदलतोय,’ तर तू लगेच म्हणालास, ‘चालत्या गाडीला कशाला खीळ घालतोस?’ आणि वहिनींनी हाक मारल्यावर फोन ठेवलास. तुझ्याशी फोनवर वाद घालून आजवर मी कधी जिंकलेलो नाही. म्हणून आता सगळं लिहूनच काढतो. पत्रात मध्येच तोडता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

पहिलं म्हणजे, गाडी चालत होती हे अर्धंच खरं. त्या दिवाळीत आपण दोघांनी मिळून पार्लरमधले जुने व्हिडिओ गेम टीव्हीवर खेळायची दोन खोकी केली, तुझं एक आणि माझं एक, दोन्हीत रास्पबेरी पाय ३ हा छोटा संगणक. तेव्हा आपण खेळ चालवायला जो एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, निवडला तो मेम २००३. नावातच वर्ष आहे बघ. मूळ मेम १९९७ साली निघाला आणि आजही वाढतोय, पण हे त्याचं २००३ सालचं रूप, आवृत्ती ०.७८, तिथेच थांबवून ठेवलेलं. हलकं असल्यामुळे पायवर छान पळतं. म्हणजे आपण वीस वर्षं जुनी समजूत घेऊन त्याहून जुने खेळ खेळत होतो.

एके दिवशी माझा पाय ३ गेला. वास आला, लाल दिवा लागला नाही, संपला विषय. मी पाय ४ आणला, जुनं मेमरी कार्ड काढून त्यात खुपसलं आणि टीव्हीसमोर पोहे घेऊन बसलो. पडद्यावर काहीच नाही. पोहे गार झाले. नंतर कळलं की पाय ४ आला २०१९ मध्ये, आणि त्याआधीच्या रेट्रोपायच्या, म्हणजे खोकं चालवणाऱ्या व्यवस्थेच्या, कार्डाला तो ओळखतच नाही. सुरू व्हायला लागणाऱ्या फायलीच त्याच्या नव्या. मग नवीन कार्ड घेतलं, त्यावर रेट्रोपाय ४.८ चढवलं, आणि तेवढ्यात मनात आलं की सगळं नव्याने करायचंच आहे तर एम्युलेटरही नवा घेऊ. नाव फायनलबर्न निओ. सगळे एफबीनिओ म्हणतात.

याची कुळकथा तुला आवडेल, कारण तिच्यात भांडण आहे. आधी एफबी अल्फा नावाचा प्रकल्प होता, हौशी लोकांचा, परवान्यात स्पष्ट लिहिलेलं की यावर धंदा करायचा नाही. २०१९ मध्ये कॅपकॉम या खेळ बनवणाऱ्या कंपनीचं घरी खेळायचं एक यंत्र जाहीर झालं आणि त्यात हाच एफबी अल्फा असल्याचं बाहेर आलं. प्रकल्पातली बाकीची मंडळी भडकली, बाहेर पडली आणि वेगळी चूल मांडली. ती चूल म्हणजे निओ. गावातल्या गणेश मंडळांसारखंच रे, एकाची दोन झाली आणि देखावा मात्र दुसऱ्याचा चांगला.

आता खरी कसरत. जुन्या कार्डावरचे सगळे रोम, म्हणजे खेळांच्या फायली, नव्यावर टाकले आणि एकेक उघडायला लागलो. निम्मे उघडेनात. मला वाटलं कॉपी करताना फायली बिघडल्या. तसं नव्हतं. रोमची झिप फाइल म्हणजे पार्लरच्या यंत्रातल्या जुन्या बोर्डावरच्या चिपांमधला मजकूर, चिपागणिक एक फाइल. वर्षानुवर्षं लोक खरे बोर्ड मिळवून त्या चिपा पुन्हा वाचतात. कुठे आधीचं वाचन चुकलेलं निघतं, कुठे रंगांची एखादी छोटी चिप वाचायचीच राहिलेली असते. मग कुठल्या खेळात कुठल्या चिपा, ती यादी दुरुस्त होते. एफबीनिओ ताज्या यादीप्रमाणे तपासतो, आतल्या प्रत्येक फाइलीची गणिती खूण जुळते का ते बघतो. आपला संच २००३ च्या यादीचा. बाहेरून नाव तेच, आत एक चिप कमी. जुना सातबारा घेऊन नव्या तलाठ्याकडे गेल्यासारखं.

त्यात माझा स्वतःचा मूर्खपणा वेगळाच. तुला आठवतं का, स्टँडामागच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ हे नाव कुणालाच ठाऊक नव्हतं? आख्ख्या भारतात तो खेळ ‘मुस्तफा’. पिवळ्या टोपीतला मुस्तफा उडी मारून लाथ घालायचा, तेवढं बस. तर मी हौसेने त्या झिप फाइलीचंच नाव बदलून ‘मुस्तफा’ करून ठेवलेलं. एम्युलेटर खेळ ओळखतो तो झिपच्या नावावरून, आणि याचं नाव आहे ‘डिनो’. बदललं की तो म्हणतो, ओळख नाही. एक आख्खा रविवार मी आतल्या चिपा तपासत बसलो आणि घोळ निघाला पाटीवर. यादीत दिसणारं नाव वेगळ्या जागी बदलतात, खेळांच्या सूचीच्या फाइलीत. आता पडद्यावर देवनागरीत ‘मुस्तफा’ दिसतं आणि आत ‘डिनो’ सुखाने नांदतो.

इंद्रधनुष्यवाली स्ट्रीट फायटर पण अडली. ती आठवते ना? हवेत असताना हाडूकेन, तो हातातून सुटणारा गोळा, सुटायचं, आणि स्टार्ट दाबलं की मारामारीच्या मध्येच माणूस बदलायचा. आपण तिलाच खरी समजायचो आणि सरळ स्ट्रीट फायटर असलेल्या पार्लरला नावं ठेवायचो! ती मुळात चँपियन एडिशनची कुणीतरी छेडछाड केलेली नक्कल. म्हणून तिच्या झिपमध्ये फक्त बदललेल्या चिपा असतात, बाकीच्या मूळ खेळाच्या झिपमधून उचलल्या जातात. मी जागा वाचवायला मूळ झिप उडवली होती. बाप नाही तर पोर उभं राहीना. निओजिओ यंत्रावरच्या खेळांचं तसंच. मेटल स्लगच्या शेजारी निओजिओची स्वतःची झिप नसेल तर काळा पडदा.

इतकी यातायात कशासाठी, असं तू विचारणार. सांगतो. तुला नेहमी वाटायचं की आपल्या खोक्यात बटण दाबल्यावर लाथ जरा उशिरा बसते. मी म्हणायचो, तुझं वय झालं. माफ कर, तुझं बरोबर होतं. खेळ सेकंदाला साधारण ६० चित्रं काढतो, म्हणजे एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांचं. बटण, टीव्ही, एम्युलेटर असं करत तीन-चार चित्रांचा उशीर सहज साठतो. रेट्रोआर्च, म्हणजे एम्युलेटर ज्याच्या आत चालतात तो प्रोग्राम, त्यात ‘रन-अहेड’ म्हणून सोय आहे. एम्युलेटर आपली स्थिती साठवतो, एक चित्र पुढचं काढून तुला दाखवतो आणि परत मागे येऊन उभा राहतो. हे दर चित्राला! त्यासाठी दोन गोष्टी लागतात: दुप्पट ताकद, आणि स्थिती बिनचूक साठवता येणं. पाय ३ ची पहिलीतच दमछाक होते, आणि मेम २००३ ला दुसरी बऱ्याच खेळांत धड जमत नाही. पाय ४ आणि एफबीनिओ दोन्ही करतात. मुस्तफाची लाथ आता बटणाखालीच असल्यासारखी बसते. तुझ्या हाताला पहिल्या मिनिटात कळेल.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं.

एफबीनिओच्या पर्यायांत एक ओळ सापडली: स्टार्ट दाबून धरलं की यंत्राचा तपासणी मेनू उघडेल. जुन्यातही तिथे जाता येत होतं, पण त्याला कीबोर्ड लागायचा आणि आपल्या खोक्याला कीबोर्ड कधी जोडलाच नव्हता. मुस्तफा लावला, स्टार्ट दाबून धरलं. पडदा काळा झाला आणि पांढऱ्या अक्षरांत मेनू आला. बाळ्या, अंगावर काटा आला. पार्लरचे शेठ किल्लीने मागचं दार उघडून आत हात घालायचे आणि एक क्षण पडद्यावर हेच दिसायचं, मग ते ‘ए, चला मागे व्हा’ म्हणून आपल्याला हाकलायचे. आपल्याला वाटायचं मशीन बिघडलंय, शेठ दुरुस्त करताहेत.

दुरुस्ती कसली! त्या मेनूत खेळ किती अवघड करायचा ते ठरवता येतं. स्ट्रीट फायटरच्या बोर्डावर त्यासाठी छोटे खटके असतात, आठ पायऱ्यांचे. मुस्तफाच्या बोर्डावर खटके नाहीत, सगळं मेनूतून ठरतं आणि एका चिपमध्ये साठतं. मी आजवर घरी मुस्तफा ठरलेल्या पायरीवर खेळत होतो आणि मनात म्हणत होतो, हा इतका सोपा कसा, आपण लहानपणी एवढे कच्चे होतो? काल रात्री पायरी सगळ्यात वर नेली. पहिल्या मजलीच्या शेवटी तो धिप्पाड साहेब आला आणि त्याने मला तसाच धुतला जसा सातवीत धुवायचा. तेच अंतर, तोच वेग, पुढच्या रुपयासाठी खिशात तसाच गेलेला हात. आपण कच्चे नव्हतो रे. शेठने पेच आवळला होता.

आणखी एक. ते मशीन एका उन्हाळ्यात अचानक मेलं आणि शेठ आठवडाभर तोंड पाडून बसले होते, आठवतं? त्या बोर्डाच्या आवाजाच्या प्रोसेसरचा मजकूर कुलूपबंद असतो आणि कुलपाची किल्ली एका बॅटरीवर जिवंत राहते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड कामातून जातो. शेठचा बोर्ड अस्सल होता की नकली ते देव जाणे, पण अस्सल असेल तर बहुधा तेच झालं असणार. आपण मात्र दोरा बांधलेलं नाणं घातलं म्हणून मशीन मेलं, या भीतीने महिनाभर त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

हा खेळ १९९३ चा. कॉमिकवरून घेतलेला असल्यामुळे हक्कांचं त्रांगडं, आणि कॅपकॉमने तो घरच्या कुठल्याच यंत्रावर कधी आणला नाही. म्हणजे विकत घेईन म्हटलं तरी दुकानच नाही. रोमच्या कायद्याबद्दल तू मला दर वेळी टोमणा मारतोस, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. मेमवाल्यांच्या स्वतःच्या जागेवर मालकांच्या परवानगीने दिलेले थोडे खेळ आहेत, १९८३ चा ग्रिडली वगैरे. ते अगदी स्वच्छ. बाकीच्यांबाबत माझी बाजू लंगडी आहे हे मान्य.

तुझा एक तोटा झालाय, तो आता सांगून टाकतो. गॅलगामधला तुझा विक्रम गेला. नव्या एम्युलेटरला जुने गुण सापडले नाहीत आणि पाटीवर परत २०,००० आलेत. वर, एफबीनिओला गुण लक्षात ठेवायला हायस्कोअरची एक वेगळी फाइल त्याच्या फोल्डरात ठेवावी लागते, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवरचे माझेही गेले. पण जुनं कार्ड मी पाकिटात घालून कपाटात ठेवलंय, त्यावर तुझी तीन अक्षरं शाबूत आहेत.

तू बदलणार असशील तर तुझं कार्ड पुसू नकोस. नवीन कार्ड घे. आणि सगळेच खेळ एफबीनिओवर न्यायची काही सक्ती नाही. खेळ सुरू होताना करडी खिडकी येते, तेव्हा कुठलंही बटण दाबलं की या एका खेळापुरता एम्युलेटर निवडता येतो. माझे सात-आठ खेळ अजून मेम २००३ वरच आहेत, तिथे ते निमूट चालतात, मी हात लावलेला नाही. पाय ३ वरही एफबीनिओ चालेल, रन-अहेडची आशा मात्र सोड. एफबीनिओ तयार बांधलेलाच उतरवून घे. मी शहाणपणा करून मूळ कोडपासून बांधायला घेतलं तर झोपून उठलो तरी चालूच होतं.

मे महिन्यात येणार आहेस ना? दुसरी जॉयस्टिक सैल झालीय, उजवीकडे दाबली की वर जाते. येताना पुण्यातून एक घेऊन ये, आठ दिशांची, आतून टक् वाजणारी. मुस्तफा मी घेणार, तू जॅक. पायरी सगळ्यात वरचीच ठेवलीय.

वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझा,
पक्या

ता.क. शेठचं पार्लर होतं तिथे आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. काल मुद्दाम जाऊन आलो. शटरच्या आत डाव्या भिंतीवर आपण नाण्याने कोरलेली रेघ अजून आहे, रंगाच्या दोन हातांखाली, पण बोटाला लागते.