बारा खाटांबद्दल

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, बातमी कट्ट्यावर पोचायच्या आत माझ्याकडून कळलेली बरी. आपल्या उपजिल्हा रुग्णालयाला एसएनसीयूच्या, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षाच्या, बारा खाटा यंदा नाहीत. फाईलवरची टिपणी माझीच आहे.

'पोरगी आरोग्य भवनात असून काय उपयोग' म्हणणाऱ्यांना सांगा, की पीआयपी, म्हणजे आरोग्याच्या कामांचा आणि खर्चाचा आराखडा, जिल्ह्यातून मुंबईला येतो, मंजुरी दिल्लीची, पैसे केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. किंवा नकोच. तुम्हाला खोटं जमत नाही, आणि मी सुचवलं असतं तर प्रस्ताव पुढे गेला असता.

निकष वर्षाला ३००० बाळंतपणांचा. तेवढी आपल्याकडे होत नाहीत आणि जिथे खाटा सुचवल्या त्या नंदुरबारच्या पहाडातही होत नाहीत. इथेच तुम्ही मला पकडणार. पण आपल्याकडून १०२ ची गाडी पाऊण तासात जिल्ह्याला पोचते. तिकडे पावसाळ्यात बाळंतिणीला झोळीत घालून डांबरी रस्ता गाठतात. नुसत्या आकड्यांवर वाटप केलं तर पहाडाला कधीच काही मिळणार नाही. शिवाय खाट म्हणजे नुसता बाळाला ऊब देणारा वॉर्मर नव्हे. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला लागलेल्या आगीत दहा बाळं गेली, तेव्हापासून रात्रपाळीची माणसं आणि फायर ऑडिट बघितल्याशिवाय माझी सही होत नाही. आपला चार खाटांचा कक्ष आहे तिथेच राहणार, त्याला दोन परिचारिका वाढवून मागितल्यात.

आई, तुला बापूच्या वेळची रात्र आठवेल. म्हणूनच मी अंतराचा रकाना सगळ्यात आधी बघते गं.

बाबा, चौथीत तुम्ही मला अर्धा मार्क वाढवून दिला नव्हतात. मी उपाशी झोपायला निघाले, तर आईने अंधारात तूप-गुळाची पोळी भरवली. तुम्ही जागे होतात, मला माहीत आहे.

गीझरवाला शनिवारी येईल, पैसे दिलेत. आईने बादली उचलायची नाही. बीपीची गोळी 'बरं वाटतंय' म्हणून बंद करायची नाही. साखरेचा रिपोर्ट मला पाठवा, आकडा फोनवर सांगू नका, तुम्ही कमी सांगता. आणि काका भांडायला आले तर चहा द्या, वाद घालू नका. फारच झालं तर त्यांना माझा नंबर द्या.

तुमची,
चिमी