बाइकच्या माहितीत रेक आणि ट्रेल पण छापा

मा. संपादक,

तुमच्या पुरवणीत नवीन बाइकची माहिती येते तेव्हा सीसी, पॉवर, मायलेज, सीटची उंची सगळं असतं, पण रेक आणि ट्रेल कधीच नसतात. खरं तर गाडी वळणात चटकन वळणार की जड लागणार, हायवेला सरळ चालणार की हँडल हलकं वाटणार, हे बरंचसं याच दोन आकड्यांवर ठरतं.

हँडल ज्या दांड्यावर फिरतं तो मागे किती कललाय, तो कोन म्हणजे रेक. तोच दांडा सरळ खाली जमिनीपर्यंत गेला असं समजा, तो टायर जिथे जमिनीला टेकतो त्याच्या थोडा पुढे लागेल, त्या दोघांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. टायर मागून ओढला जातो म्हणून ट्रॉलीच्या चाकासारखा आपोआप सरळ होतो. स्पोर्ट बाइकला रेक साधारण 23 ते 25 अंश आणि ट्रेल 100 मिमीच्या आसपास असतो, क्रूझरला रेक 30 च्या जवळपास किंवा जास्त आणि ट्रेल बऱ्याचदा 130 च्या पुढे. रेक एक अंशाने बदलला तरी ट्रेल पाच-सहा मिमीने बदलतो आणि ते हाताला कळतं. पुढचा ब्रेक दाबला की फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) दबून खाली बसतो, तेव्हाही हे दोन्ही कमी होतात.

सगळ्यात जास्त काळजी मला मॉडिफिकेशनची वाटते. पुढचं चाक लांब दिसावं म्हणून फोर्क पकडणारे क्लॅम्प जास्त तिरके बसवतात, आणि लोकांना वाटतं रेक वाढला म्हणजे गाडी अजून स्टेबल झाली. होतं नेमकं उलट! हँडलचा दांडा फ्रेममध्ये आहे तसाच राहतो, फक्त चाक पुढे सरकतं, म्हणजे ट्रेल कमी होतो, आणि अतीच केलं तर शून्याखालीही जातो, मग गाडी सरळ धरून ठेवणारं काही उरतच नाही. मागून गाडी उंच केली तरी रेक-ट्रेल कमी होतात, फक्त तिथे फरक लहान असतो.

हँडल थरथरायला लागलं की लोक थेट स्टीअरिंग डॅम्पर (हँडलचे झटके शोषणारा भाग) लावतात, पण आधी कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग), टायर आणि चाकाचा बॅलन्स बघायला हवा, नाहीतर डॅम्पर नुसता दोष झाकतो.

बऱ्याच कंपन्या हे आकडे देतात, तेवढे दोन आकडे व्हीलबेसच्या (दोन चाकांमधल्या अंतराच्या) शेजारी छापा, आणि मॉडिफाय केलेल्या गाड्यांवर लेख आला तर बदलानंतरचा ट्रेल किती झाला हेही मालकाला विचारा.

आपला,
एक नियमित वाचक