जुन्या पत्रकांना लॅमिनेशन नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनकाळातील, म्हणजे मुख्यतः पन्नास-साठच्या दशकांतील, मैफलींची पत्रके जमवण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. विषय घेतल्याबद्दल आभार. पण ‘पत्रक हाती येताच लॅमिनेट करावे’ हा त्यातील सल्ला कृपया कोणी पाळू नये. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने मऊ झालेला चिकट थर कागदाच्या तंतूंत शिरतो आणि पुढे तो सुखरूप निघत नाही. त्या काळातील स्वस्त कागदात लिग्निन हे लाकडातले द्रव्य असते, आम्ल कागदातच तयार होते. वरून प्लास्टिक चढवले तरी कागद पिवळा आणि ठिसूळ होतच राहतो.

दुसरे नुकसान पुराव्याचे, कारण प्लास्टिकखाली गेलेले पत्रक बोटाने तपासता येत नाही. या पत्रकांवर बहुधा वार आणि तारीख असते, साल नसते. पुढच्या आठवड्याच्या कार्यक्रमाला साल कोण छापणार? ते इतर खुणांवरून काढावे लागते. ‘शनिवार, 4 नोव्हेंबर’ हा मेळ साठच्या दशकात फक्त 1961 आणि 1967 मध्ये बसतो. गायक बॉब डिलनची न्यूयॉर्कच्या कार्नेगी चॅप्टर हॉलमधील मैफल यांपैकी पहिल्या सालची. तिला श्रोते जेमतेम पन्नासच्या आसपास होते, त्यामुळे अशा कार्यक्रमाचे अस्सल पत्रक सहज समोर आले तर आधी शंकाच घ्यावी.

पत्ताही बोलतो. बॉस्टनजवळच्या केंब्रिजमधील ‘क्लब 47’ हा लोकसंगीताचा क्लब 1963 मध्ये माउंट ऑबर्न स्ट्रीटवरून पामर स्ट्रीटवर गेला. न्यूयॉर्कच्या गर्डीज या रेस्टॉरंटमधील मैफलींच्या जागेला ‘द फिफ्थ पेग’ म्हटले असेल, तर पत्रक 1960 च्या पहिल्या काही महिन्यांतले. पाच आकडी झिप कोड (अमेरिकेचा पिन कोड) 1 जुलै 1963 पासून आला, त्याआधी ‘न्यूयॉर्क 12’ असे एक-दोन आकडी टपाल विभाग लिहीत. मात्र हा पुरावा एकाच बाजूने चालतो. झिप कोड असेल तर पत्रक 1963 च्या मध्यानंतरचे, पण नसेल तर काहीच ठरत नाही, कारण जुनी सवय पुढे कित्येक वर्षे टिकली. न्यूपोर्टचा लोकसंगीत महोत्सव 1961 आणि 1962 मध्ये झालाच नाही, त्यामुळे ती साले छापलेले त्याचे पत्रक उघडच बनावट.

नक्कल ओळखायला दहा पट मोठे दाखवणारे भिंग पुरते. मूळ छपाईत, मग ती खिळ्यांची असो वा ऑफसेटची, अक्षरे सलग शाईची असतात आणि ठिपके फक्त छायाचित्रात दिसतात. स्कॅनवरून काढलेल्या रंगीत प्रतीत अक्षरांच्या कडांनाही ठिपके दिसतात. घडीच्या रेषेवरून हलकेच बोट फिरवा. घडी डोळ्यांना दिसते पण बोटाला लागत नाही, तर ती छापलेली आहे. टाचणीच्या भोकांचेही तसेच, म्हणून खरी भोके बुजवू नयेत. अतिनील दिव्याखाली कागद चमकला की नकली, हा समज मात्र चुकीचा आहे. चमक आणणारी द्रव्ये पन्नासच्या दशकापासूनच कागदात वापरात होती.

साठवणीसाठी 75 ते 100 मायक्रॉन जाडीची पॉलिस्टरची पाकिटे घ्यावीत, पीव्हीसीची नव्हेत. पीव्हीसीतून झिरपणारी द्रव्ये शाई उचलतात. एका पाकिटात एकच पत्रक, मागे आम्लरहित पुठ्ठा, आणि सगळे आडवे ठेवावे. आर्द्रता 35 ते 50 टक्के असावी, तीही सारखी वरखाली न होणारी. स्क्रीन प्रिंटिंगची जाड शाई सुटू लागली असेल तर पॉलिस्टर टाळावे, त्याच्या स्थिर विजेने पोपडे उचलले जातात. अशी पत्रके आम्लरहित कागदी घडीत ठेवावीत. सायक्लोस्टाइलची काळी शाई टिकाऊ असते, तिथे कागद आधी जातो. स्पिरिट डुप्लिकेटर या प्रती काढण्याच्या यंत्राची जांभळी शाई मात्र उजेडात झपाट्याने उडते. ती पत्रके भिंतीवर लावूच नयेत.

जुनी चिकटपट्टी ओढून काढू नका, कागदाचा वरचा थर तिच्याबरोबर येतो. ते काम कागद-संवर्धकाचे. फाटलेली कड मागच्या बाजूने पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची घट्टसर खळ लावून जोडता येते. आधी एका कोपऱ्यातील अक्षराला ओलसर कापसाने टिपून पाहावे. रंग उतरला तर खळ लावायची नाही. जोड टीपकागदाखाली वजन ठेवून काही तास वाळू द्यावा, घाई केल्यास कड सुरकुतते.

भिंतीवर काही लावायचेच असेल तर 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करून प्रत काढावी, हवे तर तिचेच लॅमिनेशन करावे. त्याआधी तिच्या मागे ‘प्रत’ हा शब्द आणि काढल्याचे साल न पुसणाऱ्या शाईने जरूर लिहावे, नाहीतर पुढेमागे तीच मूळ म्हणून विकली जाते.

आपले नम्र,
पत्रके जमवणारे काही वाचक