‘अंतराळात कर्करोग मरतो’ म्हणजे नेमके काय?

महोदय,

रविवारच्या अंकातले ‘अंतराळात कर्करोग मरतो’ हे शीर्षक वाचून सकाळी सातलाच धाकट्या बहिणीचा फोन आला. तिची केमो चालू आहे. “दादा, असलं मशीन आपल्याकडे कुठे बसवलंय का रे?” जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवले, पण उत्तर पटकन सुचेना.

बातमीचा उगम बहुधा सिडनीचा. तिथल्या तंत्रज्ञान विद्यापीठातील जोशुआ चू यांनी कर्करोगाच्या पेशी सतत दिशा बदलत फिरणाऱ्या यंत्रात ठेवल्या. वर कुठे नि खाली कुठे हे पेशीला उमगूच नये, अशी ती फिरकी; म्हणजे अंतराळातल्या वजनरहित अवस्थेची जमिनीवरची नक्कल. औषधाविना २४ तासांत ८० ते ९० टक्के पेशी मेल्या, असे त्यांनी २०१९ मध्ये सांगितले. मात्र हा प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या सुट्या पेशींवरचा होता, रुग्णावरचा नव्हे. बातमीत हे शेवटच्या ओळीत आले आहे. तिथवर किती जण पोचतात?

दुसरी बाजू तर आलीच नाही. सॅन दिएगोच्या कॅट्रिओना जेमीसन यांच्या गटाने गाठींच्या इवल्याशा प्रतिकृती अंतराळ स्थानकावर पाठवल्या. त्या मेल्या तर नाहीतच, दहा दिवसांत तिपटीने वाढल्या. संशोधकांना तेच उपयोगी पडते. जमिनीवर पेशी तबकडीच्या तळाशी बसून चपट्या पसरतात. अंतराळात तळच उरला नाही की एकमेकींना चिकटून गोळा बनवतात, शरीरातल्या गाठीसारखा. शिवाय वाढ झपाट्याने झाल्यामुळे औषध लागू पडते का, तेही लवकर दिसते. अंतराळवीर शुभांशु शुक्लांनी स्थानकावर उगवलेले मूग-मेथीचे मोड आपण कौतुकाने छापलेत. २०२५ च्या त्याच मोहिमेत स्तनाच्या कर्करोगावरचा असा प्रयोगही होता.

आणि बातमीतले ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसते’ हे तर साफ चूक. ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीच्या सुमारे ९० टक्के असते. स्थानक आणि आतले सगळे सतत एकत्र पडत असते, म्हणून वजन जाणवत नाही. नववीतल्या मुलाने असे लिहिले तर मी गुण कापले असते.

बहिणीला म्हटले, बुधवारची केमो चुकवू नकोस. शीर्षक पहिल्या पानावर होते, तेव्हा खुलासाही त्याच पानावर छापावा, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, सांगली