शाळेचा आराखडा पालकांसमोर लिहिला जावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सबंध बडोदे संस्थानाला लागू केले, हे आपण बडोदेकर अभिमानाने सांगत असतो. त्या व्यवस्थेत मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे, म्हणजे जाब द्यायचा तो पालकाने. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ही जबाबदारी सरकार आणि स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे महापालिका, पंचायत अशा संस्थेवर टाकली. हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे, त्यांचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षणाची पूर्तता यांवर लक्ष ठेवणे, इमारत व शिक्षक पुरवणे ही कलम ९ प्रमाणे त्या प्राधिकरणाची कर्तव्ये आहेत. आपल्या शहरात महापालिकेच्या शाळांचा कारभार नगर प्राथमिक शिक्षण समिती पाहते; तिचे सदस्य पालक थेट निवडून देत नाहीत.

पालकांच्या हाती उरते ती शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, तिने शाळेचा विकास आराखडा तयार करावा आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवावी, असे कायदा सांगतो. त्याहून महत्त्वाची तरतूद कलम २२ मध्ये आहे, ती अशी की सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने करायच्या योजना आणि द्यायची अनुदाने याच आराखड्याच्या आधारे ठरावीत.

प्रत्यक्षात काय चालते? माझ्या माहितीतल्या एका शाळेत सदस्य असलेल्या, घरकाम करणाऱ्या एका आईपुढे इतिवृत्ताची वही आली ती पान कोरे असताना. ‘इथे सही करा, बाकीचे आम्ही भरून घेतो,’ एवढेच तिला सांगण्यात आले. ती शाळेच्या फाटकातच सही करून कामावर गेली, कारण बैठक ठेवली होती सकाळी अकराला, कामाच्या दिवशी. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटलेली आहे हे तिला मुलीकडून रोज ऐकावे लागत होते. आराखड्यात ते कोणी लिहिले की नाही, हे तिला आजही माहीत नाही. (पालकांना आस्था नाही, अशी तक्रार मात्र शिक्षकांकडून हमखास ऐकू येते.) कोऱ्या पानावर सह्या घेऊन तयार झालेल्या आराखड्यावरून अनुदान ठरत असेल, तर कडीसाठी पैसा कुठून यायचा आणि ती का बसली नाही म्हणून जाब तरी कोणाला विचारायचा?

मराठी माध्यमाच्या पालकांना तर हे अधिकच जाणवते. पटसंख्या घटली म्हणून एखादा वर्ग दुसऱ्या शाळेत मिसळायचा असेल, तर तो विषय आधी त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे यायला हवा. निर्णय झाल्यावर पालकांना दाराशी कळवणे म्हणजे त्यांना विचारात घेणे नव्हे.

यासाठी नवा कायदा नको. नगर प्राथमिक शिक्षण समितीने आपल्या बैठकांची इतिवृत्ते, अंदाजपत्रक आणि प्रत्येक शाळेचा विकास आराखडा त्या त्या शाळेच्या फलकावर, शाळेच्या माध्यमाच्या भाषेत लावावा. कलम ३२ खाली लेखी तक्रार आल्यास स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय देणे बंधनकारक आहे आणि तो मान्य नसल्यास राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते, हेही तिथेच लिहावे. आणि पालकांच्या बैठका संध्याकाळी किंवा रविवारी ठेवाव्यात.

आपला,
एक वाचक
रावपुरा, बडोदे