सांबारच्या डॉक्टरांना पत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सादर नमस्कार.

बर्लिनला येऊन मला आणि माझ्या कुत्र्याला, सांबारला, आता चार महिने होत आले. फोनवर आभार मानू लागले, की तुम्ही "सांबार जेवतो ना बरोबर?" एवढेच विचारून विषय संपवता, म्हणून हे उघड पत्र लिहीत आहे. नागपुरातून कुत्रा घेऊन परदेशी निघालेल्या आणखी कोणाच्या ते उपयोगी पडले, तर बरेच आहे.

जानेवारीत नोकरीचे पत्र हाती पडताच मी तुमच्या दवाखान्यात आले, तेव्हा एका एजंटाच्या "पंधरा दिवसांत सगळे होते" या शब्दावर विसंबून मार्चचे तिकीट काढण्याच्या बेतात होते. तुम्ही सांबारचे लसीकरणाचे पुस्तक चाळले आणि म्हणालात, "तिकीट मागून काढा ताई, आधी चिप बसवा." रेबीजची लस तो दरवर्षी घेत होता, पण कातडीखाली ओळखीची चिप बसवण्याआधी टोचलेली लस युरोपीय संघ धरत नाही, हे मला त्या दिवशी कळले. मग पंधरा आकडी क्रमांकाची चिप, पुन्हा लस, त्यानंतर ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, त्यात प्रतिपिंडांचे (लसीमुळे रक्तात तयार होणाऱ्या संरक्षक घटकांचे) प्रमाण मिलिलीटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक, आणि नमुना घेतल्यापासून पुढे तीन महिने थांबणे, असा सारा हिशेब तुम्ही औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून दिलात. ती चिठ्ठी अजून माझ्या पासपोर्टात आहे.

मी पुढे जाते आणि भाऊ सांबारला मागून पाठवेल, ही माझी युक्तीही तुम्हीच मोडून काढलीत. मालकाच्या आणि जनावराच्या प्रवासात पाच दिवसांहून अधिक अंतर पडले, की घरच्या कुत्र्यालाही व्यापारी मालाचे नियम लागतात, हे तुम्ही सांगितले नसते, तर तो आज गोकुळपेठेतच असता. कार्यालयाला विनंती करून मी रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली.

तो उन्हाळा मी विसरणार नाही. बाहेर पारा ४५ अंशांवर, आणि आत कूलरसमोर तुम्ही मिळवून दिलेल्या क्रेटचे, म्हणजे प्रवासाच्या पिंजऱ्याचे, दार उघडे ठेवून सांबारला दोन्ही वेळचे जेवण त्यातच वाढायचे. पहिला आठवडाभर तो मान आत घालून पोळी ओढायचा आणि बाहेर येऊन खायचा. मे संपता संपता दुपारची झोपही तिथेच काढू लागला. प्रवासासाठी मी गुंगीची गोळी मागितली, तेव्हा तुम्ही चक्क रागावलात. अशा औषधाने विमानात श्वास आणि शरीराचे तापमान बिघडू शकते, आणि तिथे त्याच्याकडे पाहायला कोणी नसते, हे ऐकून मी गप्प बसले. जूनअखेरीस आम्ही समृद्धी महामार्गाने मुंबई गाठली. आरोग्य प्रमाणपत्र दिल्यापासून दहाच दिवस चालते, त्यामुळे तिथली कामे तुम्ही आखून दिलेल्या क्रमानेच उरकली.

येथे सांबारवर वर्षाला १२० युरो कर भरते (नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, म्हणून आमच्या कोथिंबिरीवर कर लागला, असे भाऊ म्हणतो). भुयारी रेल्वेत त्याला मुसके घालावे लागते. तेही तुम्ही फुटाळा तलावावर फिरवताना सवयीचे करून घेतले होते, म्हणून तो निमूट बसतो. खरी अडचण चौथ्या मजल्यावरच्या घराची झाली. अंगणात भाजीवाल्यावर भुंकणारा हा कुत्रा मी कामावर गेले, की जिन्यातल्या प्रत्येक पावलावर भुंकू लागला आणि शेजाऱ्यांनी दारावर चिठ्ठी चिकटवली. तुम्ही रात्री अकराला व्हिडिओवर येऊन सांगितलेत, की आधी पाचच मिनिटे बाहेर जा, मग दहा, आणि परतल्यावर लाड करू नका. तीन आठवडे लागले. चिठ्ठी पुन्हा आली नाही.

दिवाळीला मी येत आहे. क्रेट धुऊन ठेवला आहे, तो सोबत आणते. दवाखान्यात पुढची पाळी ज्याची असेल, त्याला द्यावा. सांबार मात्र या खेपेस मैत्रिणीकडे राहील, कारण एवढा खटाटोप पुन्हा करायला तुम्हीच मला परवानगी देणार नाही.

आपली कृतज्ञ,
सांबारची आई